साधारण दिवसाची डाळ

"कसं काय, मॅडम?" असं सोनकांबळे सरांनी विचारलं आणि मी सवयीनं "मजेत" म्हटलं, की ते दारातच थांबायचे. "मजेत दिवाळीला. आज कसं हाय ते सांगा." मग मला सांगावं लागायचं की नांदेडहून येताना एसटी अहमदपूरला बंद पडली, आईचे गुडघे पुन्हा सुजलेत आणि सकाळपासून चहाचा घोट पोटात गेलेला नाही. एवढं ऐकलं की त्यांचं समाधान व्हायचं. "हां, आता कळलं," म्हणत स्कूटरची किल्ली बोटात फिरवत ते आत जायचे. सकाळच्या पारी लोकांना रडगाणं गायला लावून खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमची प्रयोगशाळा लातुरात ट्यूशनच्या गल्लीत होती. खालच्या मजल्यांवर महाराष्ट्रभरातून आलेली पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला घासत असायची आणि वर आम्ही डाळ, तेल, पाणी तपासत बसायचो. खालचा क्लास, वरची प्रयोगशाळा आणि एमआयडीसीतली भली मोठी डाळ मिल, हे सगळं एकाच गृहस्थांचं. त्यांना सगळे अध्यक्ष म्हणत. कशाकशाचे अध्यक्ष हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मी तिथं केमिस्ट होते आणि सर आमचे प्रमुख.

सर मूळचे लोह्याकडच्या एका खेड्यातले. बुटके, काळेसावळे, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. घरात शिकलेले ते पहिलेच, पण त्याबद्दल कुणी कौतुकानं विचारलं तर वैतागायचे. गंजगोलाईत पेरू घ्यायला गेले की गाडेवाल्याला सांगायचे, "वरचे नकोत, खालचे नकोत. मधात हात घालून दे." वरचे मांडायचे असतात आणि खालचे लपवायचे असतात, मधले तेवढे खरे, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक गाडेवाला कंटाळून म्हणाला, "सर, पेरू घ्यायला आलाव का पंचनाम्याला?" सर म्हणाले, "दोन्हीला." खानावळीत गेले तरी तीच तऱ्हा. पाटीवर काय लिहिलंय ते बघायचं नाही, "तुमी सोता काय खाऊन राहिले, ते द्या" म्हणायचं. त्यामुळं त्यांच्याबरोबर मी जेवढं पिठलं खाल्लं तेवढं घरीसुद्धा खाल्लेलं नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला एका पावसाळी दुपारी कळलं. भूकंपाच्या वेळी ते कॉलेजात होते आणि पडलेल्या गावांत मोजणीला मदत करत होते. एका गावात कुठल्याशा संस्थेनं नव्या वसाहतीसाठी नमुना घर बांधलं होतं. पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून नमुन्याचं कुटुंबही हवं होतं. घराचा हिशेब पाच माणसांचा होता. बोलावलं त्या घरात अकरा निघाली. संस्थेचे साहेब म्हणाले, पाचच जण दारात थांबा, बाकीचे जरा बाजूला व्हा. "बाकीचे बाजूला झाले, मॅडम," सर म्हणाले. "त्यात त्या घराचा म्हातारा बी गेला. फोटोत घर हाय, दार हाय, पाच माणसं हायेत. ज्याचं घर पडलं तोच न्हाई." एवढं सांगून ते उठले आणि हात धुवायला गेले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

प्रयोगशाळेत येण्याआधी ते खालच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत. शिकवायचे उत्तम, अजूनही पोरं नाव काढतात. पण त्यांची तिथून वर बदली का झाली, हा गल्लीतला आवडता किस्सा होता. धर्माबादचे एक गृहस्थ मुलीला घेऊन प्रवेशासाठी आले होते. चौकातल्या फलकावर पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे चेहरे बघून त्यांनी सरांना विचारलं, "सर, हे असं होईल का आमच्या पोरीचं?" सरांनी त्यांना सरळ वर्गात नेलं आणि मधल्या बाकावरच्या एका मुलाला उभं केलं. "ह्याचे मार्क विचारा. तुमची पोरगी झाली तर साधारण इथं होईल. चालत असंल तर ठेवा, न्हाई तर खामखा पोरीला बेजार करू नका." बाप मुलीला घेऊन तडक समोरच्या क्लासला गेला. अध्यक्षांनी त्याच दिवशी सरांना तिसरा मजला दाखवला. सर सांगायचे, "वर हवा बरी हाय."

मग ते डाळीचं प्रकरण आलं आणि वरची हवाही बिघडली.

परदेशातला एक मोठा खरेदीदार आमच्या भागातली तूरडाळ घ्यायला तयार झाला होता. त्याची अट वेगळीच होती. एक किलो डाळ तयार होताना वीज किती जळते, डिझेल किती, पाणी किती, तूर किती वाया जाते, म्हणजे जमिनीवर आणि हवेवर तिचा एकूण भार किती पडतो, ते त्याला हवं होतं. त्यासाठी आधी या भागाची एक नमुन्याची डाळ ठरवायची आणि मग प्रत्येक मिलची डाळ तिच्याशी ताडून बघायची. नमुन्याच्या आत असलेल्या मिलकडून तो डाळ घेणार. थोडी मागे असेल तिला सुधारायला एक हंगाम मिळणार. फार मागे असेल ती यादीबाहेर. नमुना ठरवायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं आणि त्याखाली सही सरांची लागणार होती.

यात छोट्या मिलचा जीव अडकला होता. लोहा, बिलोली, धर्माबाद या बाजूला दहा-वीस माणसं राबणाऱ्या कितीतरी मिल होत्या. मोठ्या मिलपुढं त्यांची डाळ बाजारात मागं पडत चालली होती, आणि ही मागणी हातून गेली तर निम्म्यांना कुलूप लागेल असं सगळेच बोलत होते. नमुना अध्यक्षांच्या मिलसारखा धरला, जिथं वीज कधी जात नाही आणि यंत्रं कोरी करकरीत, तर छोट्या मिल पहिल्याच फेरीत बाद होणार होत्या. नमुना सगळ्यांच्या रोजच्या डाळीवरून धरला तर त्या टिकणार होत्या.

आम्ही मोजायला निघालो. पहिलीच मिल लोह्याच्या पद्मीनअक्काची. नवऱ्यामागं बाईनं एकटीनं चालवलेली, आणि पंचक्रोशीत तिच्या डाळीचं नाव. गेलो तर अंगणात रांगोळी, यंत्राला हार, नारळ फोडलेला. वीज दिवसभर, कारण आठवड्यात ज्या दिवशी दिवसा वीज असते नेमका तोच वार अक्कांनी आम्हाला दिला होता. तुरीचं साल काढणारे खरखरीत दगडी रोलर नुकतेच बदललेले. तूर अशी निवडलेली, की एक दाणा किडका नाही. डाळ निघाली ती पहिल्या नंबरची, जिला बाजारात फटका म्हणतात. चुनी, म्हणजे फुटलेल्या डाळीचा चुरा, नावालासुद्धा नव्हता. वर पुरणपोळीचं जेवण. मी तर भारावून गेले.

सर हात धुवायला कोपऱ्यात गेले. तिथं सतरंजी घातलेल्या ओट्यावर पाण्याचा माठ होता. सरांनी सतरंजीचं टोक उचललं. खाली ओटा नव्हता, डिझेलचा जनरेटर होता. त्यांनी धुराड्यावरून बोट फिरवलं, काजळीनं काळं झालेलं बोट बघितलं आणि सतरंजी पुन्हा नीट घातली.

सगळ्या मिलवर हेच झालं. पाहुणे येणार म्हणून जो तो सणासारखा सजून बसलेला. आपल्याकडं दारी आलेल्याला वरचं वाढायचं, ही रीतच आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शेवटच्या मिलवरून परतताना जीपमध्ये सरांचा भडका उडाला. "आख्ख्या भागात जनरेटर न्हाई, चुनी न्हाई, काही न्हाई! हे लोहा हाय का स्वित्झर्लंड?" मला हसू आलं. ते म्हणाले, "हसू नका बाई. हे लोक चांगलं दिसायच्या नादात मरून राहिले. असा नमुना ठरला तर उद्या ह्यांचीच रोजची डाळ त्याच्यापुढं नापास होणार. सोताच्या हातानं उंच भिंत बांधली यांनी, अन् उड्या मारायला बी हेच."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही न सांगता लोह्याला गेलो. वीज नव्हती. जनरेटर धडधडत होता, अंगणात धूर, चुनीची पोती भिंतीला लागलेली. पद्मीनअक्का दारात आल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"सर, सांगून तरी यायचं."

"सांगून आलो होतो की मागं. ते मोजून काय कामाचं न्हाई, अक्का. मला साधारण दिवसाची डाळ पाहिजे."

"आमच्या दारात आलेल्याला चुनी दाखवू का? लोक काय म्हणतील?"

"दाखवा. तुमी झाकलं ते मी बी बघितलं."

अक्का भडकल्या. "पुरणपोळी खाल्ली तवा न्हाई बोलले? आता आमाला खोटं म्हणून राहिले!"

सर खाली उकिडवे बसले आणि जमिनीवर बोटानं एक आडवी रेघ ओढली. ही तुमची पाहुण्यांपुढची डाळ, म्हणाले. मग तिच्या बऱ्याच खाली दुसरी ओढली. ही रोजची. "वरची रेघ नमुना झाली, की ह्या खालच्या रेघेवरचे सगळे भाईर. लोहा बी भाईर, बिलोली बी भाईर. एकटी एमआयडीसी आत." अक्कांनी दोन्ही रेघा बघितल्या. मग त्यांनी गड्याला हाक मारून चुनीचं पोतं काट्यावर ठेवायला सांगितलं. आम्ही त्या दिवशी जे दिसलं ते सगळं मोजलं.

बाकीच्या मिलवाल्यांनी मात्र आम्हाला फाटकातूनच वाटेला लावलं. एकदा मोजलंय ना, झालं. बिलोलीच्या एकानं तर सरांना सुनावलं, "आमची इज्जत धुळीला मिळवायची सुपारी घेतली का?" इकडं अध्यक्षांनीही सरांना बोलावून घेतलं. मी फाइल घेऊन तिथंच उभी होते. अध्यक्ष गोड बोलायचे, त्यामुळं भीती जास्त वाटायची. "सर, पहिली मोजणी सगळ्यांच्या संमतीनं झालीये. ज्याला आपला आकडा मागं घ्यायचाय त्यानं बैठकीत उभं राहून घ्यावा. तुम्ही कुणाच्या वतीनं बोलायचं नाही. तुमचा करार संपत आलाय, हे ध्यानात असू द्या." सर "हाव" म्हणाले. जिना उतरताना त्यांनी किल्ली फिरवली नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

बैठक क्लासच्याच वर्गात झाली. जाडजूड मिलवाले पोरांच्या बाकांवर कसेबसे कोंबून बसले होते. पडद्यावर नमुन्याचा आकडा होता, सगळ्या सणावाराच्या डाळींवरून काढलेला. सर फळ्याजवळ उभे होते. त्यांना बोलायची बंदी, आणि खाली सही मात्र त्यांचीच लागणार होती. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

कुणी मान वर केली नाही. घरातलं उणं चारचौघांत, तेही धंद्यातल्या वैऱ्यांपुढं, कोण सांगणार? सर एकेका चेहऱ्याकडं बघत होते आणि जो तो नजर चुकवत होता. अध्यक्षांनी पेनचं टोपण काढून पेन सरांपुढं धरलं.

"माझी हाय," मागच्या बाकावरून आवाज आला.

पद्मीनअक्का उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांनी धरलेला. "त्या दिवशीची डाळ माझीच हाय. पण तशी मी सणासुदीला काढते. रोजची तशी न्हाई. चुनी लई निघते. अन् जनरेटर बी हाय. सतरंजीखाली झाकला होता."

वर्गात हशा पिकला. बिलोलीवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. अक्कांचा चेहरा लालबुंद झाला, पण त्या बसल्या नाहीत. त्याच्याकडं वळून म्हणाल्या, "दादा, हसून राहिले, तर सांगा की. तुमच्या जनरेटरवर काय झाकलं होतं?"

तो चपापला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. शेवटी पुटपुटला, "कडबा."

आता हशा वेगळा होता. धर्माबादचे एक म्हातारे शेटजी उठून म्हणाले, "आमी त चुलत्याच्या वाड्यात ढकलत नेला होता, कमर धरली." मग एकामागून एक सगळ्यांनी आपापला आकडा मागं घेतला. अध्यक्षही हसले. त्यांना हसावंच लागलं. तेवढ्यात सर पहिल्यांदा बोलले, "साहेब, तुमची मिल बी ह्याच भागात हाय. मोजताना तिला बी धरावं लागंल, अन् तिला बी न सांगता येऊ."

पुढचे काही आठवडे आम्ही वेळीअवेळी सगळ्या मिल फिरलो. ज्या मिलमधून जेवढी डाळ निघते तेवढं तिच्या आकड्याला वजन देऊन सरांनी सरासरी काढली आणि तोच नमुना धरला. ती डाळ कुठल्याच मिलमध्ये निघत नव्हती, पण सगळ्यांची मिळून होती. सरांनी तिच्याखाली सही केली. बऱ्याच छोट्या मिल आत आल्या. करार पुढं चालू ठेवायचा नाही, असं सरांना त्याच आठवड्यात कळवण्यात आलं. त्यांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "एक काम राहिलंय. लोह्याला येता का?"

काम काय ते मला ठाऊक होतं. ताळा मीच केला होता. पद्मीनअक्काची डाळ नमुन्याच्या थोडी मागं राहिली होती. मी सरांशी भांडले. जी बाई उभी राहिली म्हणून बाकीचे वाचले, तिलाच मागं काढायचं, हा कुठला न्याय? मला खरोखर रडू येत होतं. सर म्हणाले, "साधारण म्हणलं की कुणीतरी मागं राहणारच, बाई. मागं राहिलेले तरी खरे असावेत, एवढंच आपल्या हातात." मला ते पटलं नाही, आणि आजही सगळं पटलेलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा अक्का अंगणात तूर वाळत घालत होत्या. सरांनी प्रस्तावना वगैरे काही केली नाही.

"अक्का, तुमची डाळ मागं राहिली."

"किती?"

"थोडी. एक हंगाम हाय हातात."

"बिलोलीवाला?"

"आत हाय."

अक्का पोत्यावर बसल्या. "मी बोलले म्हणून आत आला ना त्यो?"

"हाव."

"अन् मी मागं."

"हाव."

धीराचा एक शब्द तरी या माणसानं बोलावा, असं मला तळमळून वाटत होतं. ते नुसते समोर उभे राहिले. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, एकदा पुन्हा पुसलं, आणि मग अंगावर आल्यासारख्या म्हणाल्या, "मंग उभे काय राहिले? कुठं चुकून राहिलंय ते दाखवा!"

सरांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला. मशीन बंद करायला लावली आणि बनियनवर, पाठ जमिनीला टेकून, रोलरखाली सरकले. बाहेर फक्त दोन पाय राहिले, एकातली चप्पल निसटलेली. माझ्या नांदेडच्या गाडीची वेळ झाली होती. मी फाटकाशी थांबून मागं वळून पाहिलं. अक्का गुडघ्यावर बसून टॉर्च धरून वाकल्या होत्या. "दिसतं का, सर?"

खालून त्यांचा आवाज आला, "न्हाई. अजून जवळ धरा."